मोठे इंजिन, जुने ब्रेक

पुतण्याने जुन्या मारुती ८०० चे ७९६ सीसीचे इंजिन काढून झेनचे ९९३ सीसीचे बसवायचे घाटले आहे. मी फिटरला एवढेच विचारले, "आणि ब्रेकचे काय?" दोघेही गप्प! १९६१ साली इंग्लंडात, शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या जॉन कूपर यांच्या पुढाकाराने चिमुकल्या मिनीची ताकद ३४ वरून ५५ अश्वशक्तीवर नेली, तेव्हा पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही दिले. मंडळी, वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागते. आमच्या रस्त्यावर तर रात्री उसाच्या ट्रॉल्या, मागे दिवा नसलेल्या! शिवाय इंजिन बदलायला आर.टी.ओ.ची परवानगी हवी, आर.सी. बुकात नवा नंबर चढवायला हवा. नाहीतर अपघातानंतर विम्याचे भांडण आलेच. पुतण्या रुसला आहे. गाडी गोठ्याशेजारी उभी आहे, आणि पैसे अजून माझ्याकडेच आहेत.