प्रेस्टीज पॉइंट

२०२५च्या मे महिन्यातली ८ तारखेची रात्र. टीव्हीवर कराचीचं बंदर नष्ट झालेलं होतं. म्हणजे निवेदक तसं ओरडून सांगत होता. मागे सायरन, पडद्यावर बाण, ग्राफिक्समधली विमानं. साडेअकराच्या सुमारास धाकट्या बहिणीचा फोन आला. तिचा दीर सैन्यात, जम्मूकडे. दोन दिवस त्याचा फोन लागत नव्हता. "दादा, तुला युद्धातलं कळतं ना? कराचीचं खरंय का रे?"

मला युद्धातलं काय कळतं, तर 'पँझर जनरल'. हसू नका.

१९९४ साली अमेरिकेतल्या एसएसआय या कंपनीने काढलेला हा कॉम्प्युटर गेम. पुण्यात हॉस्टेलला एकाच्या ४८६ मशीनवर आम्ही आळीपाळीने खेळायचो. षटकोनी घरांचा नकाशा, आणि तुम्ही जर्मन जनरल. १ सप्टेंबर १९३९ला पोलंडपासून सुरुवात, ठरलेल्या चालींत शहरं घ्यायची. लवकर घेतलीत तर पुढे इंग्लंडवर उतरता येतं, अगदी वॉशिंग्टनपर्यंत जाता येतं. आणि जिंकल्यावर जे चलन मिळतं त्याचं नाव 'प्रेस्टीज'. (कुकरवाला नव्हे.) त्या प्रेस्टीजमधून नवे रणगाडे घ्यायचे.

गेम बिनडोक नव्हता, हे कबूल करायला हवं. पेट्रोल संपलं की रणगाडा जागच्या जागी ठप्प. पाऊस आला की विमानं निकामी, चिखलात गाड्या रुतणार. शहरात रणगाडे घुसवले की मार खायचा, आधी तोफा, मग पायदळ. त्या रात्रीच्या चर्चेत बसलेल्या एकाही माणसाने पेट्रोल-रसदीचं नाव काढलं नव्हतं.

पण एक बटण होतं. दहाची तुकडी लढून चारवर आली की ते दाबायचं, प्रेस्टीज कापला जायचा, परत दहा. त्यातही दोन भाव. स्वस्तातली भरती घेतली की तुकडीचा अनुभव कमी व्हायचा, महागातली घेतली तर टिकायचा. मी पायदळाला कायम स्वस्तातली द्यायचो. ते सहा गेले कुठे, हा प्रश्न माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. कीव्ह घेतलं तेव्हा हॉस्टेलवर चहा पाजला होता मी. बाबी यार बद्दल खूप वर्षांनी वाचलं. खऱ्या कीव्हमध्ये जर्मन सैन्य शिरल्यावर दहाच दिवसांनी, २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ला, शहराबाहेरच्या त्या घळीत ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घातल्या. माझ्या पडद्यावर कीव्हवर झेंडा लागला आणि पुढचा नकाशा आला.

आमचे आबा, म्हणजे आजोबांचे थोरले भाऊ, मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १९४४ला इटलीत. नाईक यशवंत घाडगे यांना ज्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती त्याच वर्षीची, १० जुलैची. आबा डोळ्याच्या ऑपरेशनला पुण्यात आले होते तेव्हा मी हौसेने त्यांना हा गेम दाखवला. इटलीचा नकाशा काढून दिला.

"ह्यात तू कोन?"

"जर्मन, आबा."

ते काही बोलले नाहीत. जरा वेळाने, "मंग आमी कुटं हाय?"

मी शोधलं. ब्रिटिश होते, अमेरिकन होते. महायुद्ध संपेस्तोवर आपले पंचवीस लाखांवर लोक त्या फौजेत होते, पण माझ्या पडद्यावर भारतीय म्हणून एक तुकडी दिसेना.

"खेचरं दाव."

खेचरं नव्हती.

"मंग डोंगरात भाकरी कोन पोचवतं रं?" असं म्हणून ते झोपायला गेले. इटलीबद्दल ते आयुष्यात जे काही बोलले, ते खेचरं आणि चिखल, एवढंच. गोळीचं कधी सांगितलं नाही, पाय ओढत चालायचे तरी.

तर बहिणीला काय सांगणार? "टीव्ही बंद कर" म्हटलं. ती म्हणाली, "बंदच आहे. सासूबाई शेजारी जाऊन बघतायत." तिकडे पूंछमध्ये तोफांच्या माऱ्यात घराघरांतली माणसं मेली होती, त्या बातमीला खालच्या पट्टीत जागा होती. सकाळपर्यंत कराचीचं बंदर जागेवर असल्याचं कळलं. निवेदक त्यावर काहीच बोलला नाही, नवा नकाशा घेऊन उभा होता. दोन दिवसांनी सरकारलाच सांगावं लागलं की बाबांनो, कार्यक्रमात सायरन वाजवू नका.

१० तारखेला संध्याकाळी शस्त्रसंधी झाली. चॅनेलवर काही जण त्यावर नाराज होते, आणखी चार चाली हव्या होत्या त्यांना.

रात्री उशिरा बहिणीचा मेसेज आला. दिराचा फोन आला होता, पाऊण मिनिटाचा. जेवलोय, झोप नाही, आईला सांग. सासूबाई तेव्हा कुठे शेजारून घरी आल्या.