खोट्या कळा

आषाढातली रात्र होती. पावणेदोन वाजले असतील. शेजारच्या खोलीत दिवा लागला, सपाता फरफटल्याचा आवाज झाला आणि दारात माझी लेक येऊन उभी राहिली. एक हात कमरेवर, दुसरा चौकटीला. पहिलटकरीण, नववा लागून पंधरा दिवस झालेले, बाळंतपणासाठी माहेरी आलेली.

"आई, जागी आहेस का गं? परत दुखतंय. पोट अगदी दगडासारखं होतंय."

मी डोळे न उघडताच म्हणाले, "खोट्या कळा असतील गं. घोटभर पाणी पी आणि पड जरा."

ती "बरं" म्हणाली आणि वळली. एवढेच. पण त्या "बरं"ने माझी झोप खाडकन उडाली, कारण ते माझेच होते. १९८९ साली, भाद्रपदात, अगदी त्याच सुरात मी "बरं" म्हणाले होते आणि एका प्रसूतिगृहाच्या पायऱ्या उतरून खाली आले होते. त्या प्रसूतिगृहाचे नाव सांगत नाही. तिथली माणसे वाईट नव्हती, दमलेली होती.

माझे माहेर तेव्हा पुण्यात, नारायण पेठेतल्या एका वाड्यात, दोन खोल्यांचे. ह्यांची नोकरी नाशिकला. शनिवारी रात्री येत आणि रविवारी रात्री जात. वाड्यात मालक आणि भाडेकरू यांचे भांडण कायमचे, आणि माझ्या त्या शेवटच्या महिन्याकडे पाहून अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "आमच्या पोरीनं पोटभाडेकरू ठेवलाय." थट्टा होती, पण काही खोटी नव्हती. हा पोटभाडेकरू भाडे तर देत नाहीच, उलट रात्री दोनला बरगडीत लाथा हाणतो. डाव्या कुशीवर निजावे तर डावा खांदा भरून येतो. उताणे निजावे तर जीव गुदमरतो. कूस बदलायची म्हणजे आधी गुडघे, मग कंबर, मग पोट अशी हप्त्याहप्त्याने बदली करावी लागते. पोटऱ्यांत गोळे येतात. जेवणानंतर छातीत जळजळ. जांघेत अशी चमक निघते की रस्त्यात उभ्याउभ्या "आई गं" म्हणावे लागते. आणि हे सगळे कुणाला सांगावे तर उत्तर ठरलेले, "होतंच असं. आता थोडेच दिवस राहिले."

थोडेच दिवस! दिवस थोडे असतात हे खरे, पण त्यातली एकेक रात्र दोन रात्रींएवढी असते, हे सांगणारा सोयीस्करपणे विसरतो.

अंगदुखीला उपाय होते आणि आईला ते ठाऊक होते. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. कमरेला गरम पाण्याची पिशवी. एकदम जेवायचे नाही, चार वेळा थोडेथोडे खायचे आणि खाल्ल्याबरोबर आडवे व्हायचे नाही. गोळा आला की पायाची बोटे आपल्याकडे ओढून धरायची. डाव्या कुशीचे कारण मात्र आईला सांगता येत नसे. "निजावं" एवढेच म्हणे. कारण मला पुष्कळ पुढे कळले. पायांकडून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी नीला पाठीच्या कण्याच्या उजव्या अंगाला असते आणि उताणे निजले की भरल्या पोटाचा सगळा भार तिच्यावर पडतो. आईला शरीरशास्त्र येत नव्हते, पण तिच्या आईला आणि आजीला कुशी बदलताना तिने पाहिले होते.

काळजीला मात्र उशी नसते.

आमच्या घरात काळजीला इतिहास होता. माझ्या आजीची नऊ बाळंतपणे झाली आणि मुले वाढली पाच. उरलेल्या चारांविषयी ती कधी बोलली नाही. फक्त कुणाचे दिवस भरत आले की ती जपाची माळ घेऊन ओटीवर बसे आणि जेवायला हाक मारली तरी उठत नसे. तशा घरात वाढलेल्या मुलीला "काळजी करू नकोस" हे सांगणे सोपे, पण ते खाली उतरत नाही. चौदाव्या वर्षी आई झालेल्या आनंदीबाई जोशींचे बाळ अवघे दहा दिवस जगले, कारण वेळेवर औषधोपचार मिळाले नाहीत. तीच मुलगी पुढे अमेरिकेला गेली, १८८६ साली डॉक्टर झाली आणि पदवीसाठी तिने प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. आपल्या बायकांची ही काळजी हवेतून आलेली नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

तर मी पहिल्यांदा गेले ती एका मंगळवारी रात्री. पोट घट्ट होत होते, सुटत होते. आई, अण्णा, मी आणि कपड्यांची पिशवी असे चौघे एका रिक्षात. सिस्टरने पोटावर हात ठेवला, घड्याळाकडे पाहिले आणि हसून म्हणाली, "अहो, या खोट्या कळा! खऱ्या आल्या की बोलायला सुचायचं नाही तुम्हाला." आम्हीही हसलो. दुसऱ्यांदा चार दिवसांनी गेलो. गणपती बसलेले, रस्त्यात ढोल, रिक्षा मिळेना. तेव्हा आयाबाई म्हणाली, "आल्या का परत?" तिसऱ्यांदा कुणी हसले नाही. डॉक्टर दुसऱ्या बाईच्या बाळंतपणातून हात धुऊन आले होते, घामाघूम. म्हणाले, "शिकलेल्या आहात ना तुम्ही? असं घाबरून कसं चालेल?"

मी "बरं" म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

त्या दिवसापासून मी दुखणे लपवायला लागले. चौथ्यांदा हसे व्हायचे नाही, असे मनाशी ठरवले. कळ आली की भाजी निवडताना मान खाली घालायची, दाणे सोलताना शेंगा मोजायच्या. आई विचारी, "काही होतंय का?" मी म्हणे, "कुठं काय!" घरात नीट कळले नाही ते फक्त आईला. अण्णांना कळत होते.

अण्णा शाळामास्तर, नुकतेच निवृत्त झालेले. बाळंतपण हा बायकांचा प्रांत, पुरुषांनी ओसरीवर येरझाऱ्या घालायच्या, अशा काळातले. पण ओसरी लहान आणि काळजी मोठी. मग त्यांनी एक उद्योग शोधून काढला. दुधाच्या हिशेबाची वही उलटी धरून मागच्या पानापासून त्यांनी नोंदी सुरू केल्या. मी कपाळाला आठी घातली की ते हातातल्या एचएमटीत पाहत आणि वेळ टिपत. आठी गेली की पुन्हा टिपत. आणि मी सहज म्हणाले, "आत्ता हललं हं," की समोर एक फुली. हे मला चार दिवस ठाऊकच नव्हते. मला वाटे, अण्णा दुधाचा हिशेब फारच बारकाईने लिहितात!

गणपती उठल्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. संध्याकाळी दिवेलागणीला अण्णा वही घेऊन माझ्याजवळ आले. माझ्या दुखण्याविषयी ते आयुष्यात प्रथमच माझ्याशी बोलत होते, म्हणून माझ्याकडे न पाहता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत म्हणाले, "बाळ, काल रात्रीपासून एकही फुली नाही."

मी म्हणाले, "शेवटी हलणं कमीच होतं अण्णा. जागा नसते ना. काकू म्हणाल्या."

"कमी होईल. पण एकही नाही?"

मी आठवून पाहिले आणि माझे हातपाय गार पडले. पाठ दुखत होती, पोट दुखत होते, हसू होण्याची भीती होती. या सगळ्यात नेमके मूल हलले की नाही, तेवढेच पाहायचे राहून गेले होते. त्याही स्थितीत मी म्हणाले, "सकाळी जाऊ. परत ओरडतील." अण्णांनी उत्तर दिले नाही. ते धोतर सावरत रिक्षा आणायला गेले होते.

या वेळी कुणी हसले नाही. डॉक्टर नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले, मग घाईने उठले. गर्भजल फार कमी झाले होते आणि बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावले होते. तासाभरात सिझर झाले. मुलगी लगेच रडली नाही. थोड्या वेळाने रडली. तो थोडा वेळ किती होता ते अण्णांनाही टिपता आले नाही, कारण त्यांना बाहेर बसवले होते. नंतर डॉक्टर त्यांना म्हणाले, "बरं केलंत, सकाळची वाट पाहिली नाहीत." आणि अण्णा, ज्यांनी आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या, त्यांनी आपली वही डॉक्टरांपुढे धरली. डॉक्टरांनी ती सगळी वाचली, हे मात्र त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

काकूंचे ते म्हणणे अजून घराघरांत ऐकू येते, म्हणून सांगते. शेवटच्या आठवड्यांत मुलाला जागा कमी पडते हे खरे. हालण्याची तऱ्हा बदलते, लाथेऐवजी ढुशी आणि वळणे जाणवतात. पण हालणे कमी होत नाही. ते कमी झाले, नेहमीसारखे वाटले नाही, तर सकाळ होऊ द्यायची नाही.

आणि "खोट्या कळा" हा शब्द! या कळांना इंग्रजीत जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या लंडनच्या डॉक्टरांचे नाव आहे, कारण १८७२ साली त्यांनी त्यांचे वर्णन केले. त्याआधी कोट्यवधी बायकांना त्या आल्या होत्या, पण त्यांचे नाव कुणी दिले नाही, असो. गर्भाशयाचे स्नायू आवळतात आणि सैल होतात. खऱ्या कळा ठरावीक अंतराने येतात, अंतर कमी होत जाते, जोर वाढत जातो आणि चालले काय, निजले काय, थांबत नाहीत. या दुसऱ्या येतात जातात, पाणी प्यायले, कूस बदलली की ओसरतात. एवढाच फरक. त्यांनी मूल जन्मत नाही म्हणून त्या खोट्या कशा? भोगणारीला दुखते ते खरेच दुखते. आपल्याकडे मात्र खोटी कळ म्हटले की बाईच थोडी खोटी पडते.

माझ्या लेकीने हल्ली एका वर्गाला नाव घातले होते. तिथे श्वास कसा घ्यायचा ते शिकवतात. तिथून तिने मला ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरांविषयी सांगितले. १९३३ साली त्यांनी पुस्तक लिहून मांडले की भीतीने अंग आखडते, आखडल्याने दुखणे वाढते, आणि दुखण्याने पुन्हा भीती. मला हे पटते. पण अर्धेच. कारण याच सिद्धांताची दुसरी बाजू अशी की जिला दुखले ती भ्याली, म्हणजे दोष पुन्हा तिचाच. लांब श्वास सोडल्याने मला १९८९ मध्ये बरे वाटले असते, यात शंका नाही. पण त्याहून बरे वाटले ते "एकही फुली नाही?" या प्रश्नाने. कुणीतरी माझ्याबरोबर मोजत होते.

तर मी उठले. लेकीच्या खोलीत गेले. ती अंधारात मोबाईल पाहत बसली होती. त्यावर बटण दाबून कळा मोजायची सोय आहे, आणि त्याच मोबाईलवर रात्री दोन वाजता जगातल्या सगळ्या बाळंतपणांच्या सगळ्या भयकथाही वाचायला मिळतात. मी तो हळूच पालथा ठेवला आणि तिच्या पाठीशी बसले.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "सांग बघू. कधीपासून?"

"बारापासून. आई, खोट्याच असतील गं. तुला उगीच उठवलं."

"असू देत खोट्या. बाळ हलतंय?"

तिने माझा हात धरून पोटावर ठेवला. आतून एक ढुशी आली, चांगली सणसणीत. मी कपाटातून एक वही काढली आणि पहिली फुली केली. मग तिच्या कमरेला गरम पाण्याची पिशवी दिली आणि आम्ही मोजत बसलो. बारा मिनिटे. नऊ. पंधरा. फ्रीजवर आमच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेला कागद चिकटवला आहे. पाणी गेले, रक्त दिसले, हालचाल कमी वाटली, डोके फार दुखून डोळ्यांपुढे चमकले, तळहात-तळपायांना खाज सुटली, तर लगेच या. कळा पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभराच्या, तासभर येत राहिल्या तर या. आणि खाली त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे, "शंका आली तरी या." यातली पहिली एकही गोष्ट नव्हती. शेवटची होती. मी फोन केला. पलीकडून सिस्टर म्हणाली, "घेऊन या ना काकू. बघून घेऊ."

पाऊस कोसळत होता. जावई गाडी हाकत होते आणि दर सिग्नलला मागे वळून "ठीक आहे ना?" असे विचारत होते, हिरवा असला तरी. रुग्णालयात तिच्या पोटाला पट्टा बांधला. खोलीभर बाळाच्या ठोक्यांचा आवाज घुमला, टपटप टपटप, दूरवर घोडा दौडावा तसा. अण्णांनी तो ऐकायला हवा होता, असे मला वाटून गेले. वीस मिनिटांनी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सगळं छान आहे. अजून वेळ आहे. परत वाटलं तर परत या."

पहाटे पाचला आम्ही घरी आलो. मी चहा ठेवला. लेक ओट्याला टेकून उभी होती, डोळ्यांत झोप मावत नव्हती.

"उगाच गेलो," ती म्हणाली.

"साखर किती घालू?" मी विचारले.

त्यानंतर आम्ही आणखी एकदा जाऊन परत आलो. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला जन्मणारी मुले शंभरांत चार-पाचच. आमचे बाळ त्यातले नव्हते. नात आली ती तारखेच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, आणि इतक्या घाईने की वही घरी ओट्यावरच राहिली.