दोन दिवस रायफल हातात, आणि वावरातली तार



मागच्या आठवड्यात स्टेटसला रायफल हातात घेतलेला फोटो टाकला आणि दिवसभर फोन वाजत राहिला. कुणी विचारे परवाना मिळाला का, कुणी विचारे डुक्कर पडलं का. गल्लीतला एक तर म्हणे, "आप्पा, या उमरमा फौजमा जाई राहिनात का?" म्हणून सगळ्यांना एकदाच लिहितो. परवाना काढलेला नाही, डुक्कर मारलेलं नाही. शनिवार-रविवार धुळ्याला एका नेमबाजी क्लबचं दोन दिवसांचं शिबिर होतं, तिथं गेलो होतो.

जायचं कारण मका. आपलं वावर पारोळा तालुक्यात, बोरीच्या काठाला. कणसात दूध भरायला लागलं की रानडुकरांचा कळप रात्री उतरतो. खातात कमी आणि मोडतात जास्त. सकाळी जाऊन पाहावं तर दहा-बारा गुंठे रोलर फिरवल्यासारखे आडवे. बॅटरी, फटाके, डबे वाजवणं, जुन्या साड्या बांधणं, सगळं करून झालं. पहिले चार दिवस ते घाबरतात, पाचव्या दिवसापासून साडीखालून जातात. म्हणून आम्ही चौघांनी ठरवलं, पीक संरक्षणासाठी बंदुकीच्या परवान्याचा अर्ज करायचा. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे अर्जासाठी शस्त्र सुरक्षेचं प्रशिक्षण लागतं. मी म्हटलं, कागद नंतर, आधी शिकून तर पाहू.

आम्ही वीस-बावीस जण होतो. निम्मी एनसीसीची पोरं-पोरी, एक डॉक्टर, दोन-तीन दुकानदार आणि आम्ही तीन शेतकरी. शिकवणारे फौजेतून रिटायर झालेले सुभेदार साहेब. पहिले तीन तास कुणाच्याही हातात बंदूक दिली नाही. चार गोष्टी फळ्यावर लिहिल्या आणि प्रत्येकाकडून तोंडपाठ करून घेतल्या. बंदूक नेहमी भरलेलीच आहे असं समजायचं. नळी कधीही माणसाकडे करायची नाही. नेम धरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर. आणि चौथी, समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे हे पक्कं कळल्याशिवाय चाप दाबायचा नाही. ही चौथी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुपारी एअर रायफल मिळाली. दहा मीटरवर कागद. त्या कागदावर दहा गुणांचा जो ठिपका असतो तो अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे तिळापेक्षाही बारीक. मला आधी वाटलं छपाईचा डाग आहे.

शिकवलं ते थोडक्यात सांगतो. रायफल हाताच्या ताकदीवर धरायची नाही, हाडांवर टेकवायची. कोपर जमिनीला, दस्ता खांद्याच्या खोबणीत, गाल लाकडाला. श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा, तिथं क्षणभर थांबायचं. तो क्षण लांबला तर नजर फिरते, मग गोळी न सोडता पुन्हा श्वास घ्यायचा. चाप ओढायचा नाही, दाबायचा. दूध काढताना सडावर जसा हळूहळू दाब देतो तसा. झटका दिला की गाय लाथ मारते आणि रायफल उजवीकडे जाते.

पन्नाशीच्या पुढच्यांची अडचण वेगळी. नळीच्या टोकाची माशी स्पष्ट दिसली तर लक्ष्य पुसट, लक्ष्य दिसलं तर माशी पुसट. मी चष्मा घालून पाहिला, काढून पाहिला. साहेब म्हणाले, "आप्पा, माशी स्पष्ट ठेवा. लक्ष्य थोडं धूसर चालेल. जे तुमच्या हातात आहे ते आधी नीट दिसू द्या." तेव्हापासून कागदावर भोकं पडू लागली.

दुसरी गोष्ट कृषी सहायक आणि विद्यापीठातल्या मंडळींना आवडेल. पाच गोळ्या मारायच्या आणि कागद पाहायचा. पाचही एका जागी पण मध्यापासून दोन बोटं डावीकडे, तर साहेब शाबासकी देत. पाच गोळ्या पाच ठिकाणी आणि त्यातली एक बरोबर मध्ये, तर म्हणत हे काही कामाचं नाही. एकाच बाजूला होणारी चूक दुरुस्त करता येते, मागची खाच थोडी सरकवली की झालं. विखुरलेली चूक दुरुस्त होत नाही, कारण ती धरणाऱ्याच्या हातात असते. आपल्याकडे एका वर्षी एका एकरात कापसाला चांगला उतारा आला की त्या बियाण्याच्या पाकिटाचा फोटो गावभर फिरतो. ती पाचातली एक गोळी असते. तीन वर्षं, तीन वावरांत काय आलं ते विचारायला पाहिजे.

जेवणाच्या सुटीत स्वप्नील कुसाळेची गोष्ट निघाली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुण करून कांस्यपदक घेतलं. गुडघ्यावर बसून, आडवं पडून आणि उभं राहून, अशा तीन तऱ्हेने गोळ्या मारायच्या. खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य आणलं, त्यानंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राच्या माणसाला एकट्याच्या खेळात ऑलिंपिक पदक मिळालं. शिबिरात अकरावीतली शिरपूरकडची एक पोरगी होती, वडील केळीच्या ट्रकवर. तिच्या पाच गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातील इतक्या जवळ. माझ्या पहिल्या पाच ताटाएवढ्या जागेत पसरल्या होत्या, रविवारी संध्याकाळी वाटीपर्यंत आल्या. त्या पोरीसारख्यांना तालुक्याला एक साधी रेंज मिळाली तर कोल्हापूरसारखी नावं खान्देशातूनही निघतील.

रविवारी पॉइंट टू टू रायफल, 25 मीटर, आडवं पडून. लक्ष्याच्या मागे मातीचा उंच बांध. गोळी भरण्याआधी साहेब प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत, "मागे काय आहे?" उत्तर द्यायचं, "मातीचा बांध, साहेब." एकाने नुसतं "टार्गेट" म्हटलं तर त्याला उठवून मागे बसवलं. मग काडतुसाचा डबा दाखवला. करंगळीच्या पेरापेक्षाही लहान गोळी, वजन अडीच ग्रॅमच्या आसपास. पण अडवायला काही नसेल तर धोका सुमारे दीड मैलापर्यंत.

मी तिथंच पडल्या पडल्या हिशोब केला. माझ्या मक्यापासून दीड मैल म्हणजे आमचं गाव आलं, शाळा आली, हायवेवरचे ढाबे आले, नदीपलीकडच्या मजुरांच्या झोपड्या आल्या. मागे मातीचा बांध कुठंच नाही.

आता कायद्याचं. पुष्कळांचा समज चुकीचा आहे म्हणून स्पष्ट लिहितो.

1959 च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी जी बंदूक सांगितली आहे ती ठासणीची. तेवढ्याने भागणार नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळू शकते. पॉइंट टू टू रायफल क्लबच्या सभासदाला नेमबाजीच्या सरावासाठी असते, डुकरांसाठी नाही. तिने डुक्कर जागेवर पडतही नाही, जखमी होतं, आणि जखमी डुक्कर सकाळी निंदायला आलेल्या बाईच्या अंगावर जातं.

परवाना मिळाला म्हणजे शिकारीची परवानगी मिळाली असं नाही. रानडुक्कर आणि नीलगाय दोन्ही 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली आहेत. पिकाला धोका आहे म्हणून मारायचं तर वन खात्याची लेखी परवानगी वेगळी लागते, आणि मेलेलं जनावर सरकारजमा. मटणाच्या आशेने कुणी नादी लागू नका. शिवाय आचारसंहिता लागली की बहुतेकांच्या बंदुका ठाण्यात जमा होतात. 2024 ला विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला होतं. लग्नाच्या वरातीत बार काढणाऱ्यांसाठी 2019 च्या दुरुस्तीत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

हे सगळं ऐकून आमच्यातल्या दोघांनी अर्जाचा विचार सोडला. माझा मी अजून सोडलेला नाही आणि दिलेलाही नाही. रात्री आपल्या शिवारात काय असतं ते आधी डोळ्यासमोर आणा. थ्री-फेज लाइट आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते, म्हणजे पाणी भरायला माणूस वावरात. सालदाराचं कुटुंब वावरातच राहतं. अंधारात मका हलला तर आत डुक्कर आहे की बारं द्यायला आलेला शेजारी, हे बॅटरीने पाहिल्याशिवाय कळत नाही. आणि बॅटरी मारली की डुक्कर पळतं. निम्मं काम तर बॅटरीनेच होतं.

पण मला खरं लिहायचं आहे ते पुढचं आहे. बंदुकीसाठी एवढं शिक्षण, एवढे कागद, एवढे प्रश्न. आणि आपल्याच शिवारात कुंपणाला सरळ घरगुती लाइट जोडणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये शेजारच्या एरंडोल तालुक्यात डुकरांसाठी तारेत सोडलेल्या करंटने एका मजूर कुटुंबातले पाच जीव गेले. त्यात लहान लेकरं होती. ती बातमी आपण सगळ्यांनी वाचली, हळहळलो, आणि पुढच्या पंधरवड्यात मक्याला दाणा भरल्यावर काहींनी पुन्हा तारा लावल्या.

बंदुकीमागे निदान एक डोळा असतो. तार काही पाहत नाही. ज्याने ती लावली तो घरी झोपलेला असतो. समोर डुक्कर आहे, कुत्रं आहे, बैल आहे की सालदाराचं पोर, हे तिला कळत नाही. साहेबांची चौथी गोष्ट तारेला शिकवता येत नाही, म्हणून ती लावणाऱ्यालाच शिकावी लागेल. नाहीतर चोरीच्या विजेचा गुन्हा वेगळा, आणि माणूस गेला तर सदोष मनुष्यवधाचा वेगळा.

आमच्या बांधाला लागून एकाची अशीच तार होती. सोमवारी सकाळी मी त्याच्याकडे गेलो. माझ्या सालदाराची दोन पोरं त्याच बांधाने शाळेत जातात. तो चिडला. म्हणे, "आप्पा, तुमनं ठीक शे. मन्ही मका गई ते वरीसभर मी काय खाऊ?" त्याचं म्हणणं खोटं नाही. त्याच्याकडे तेवढंच वावर आहे आणि त्यावर कर्जही आहे. त्याला फक्त तार काढ म्हणून भागत नाही, मग मका कसा वाचेल तेही सांगावं लागतं. दोन संध्याकाळी बसलो. शेवटी चौघांनी मिळून एक सौर कुंपणाचं यंत्र घ्यायचं ठरलं. त्याने तार त्याच दिवशी काढली, मी स्वतः गुंडाळू लागलो. गावात अजून एक जण आहे, तो ऐकत नाही. त्याच्याकडे पुन्हा जाणार आहे.

सौर कुंपण कुणाला करायचं असेल तर एवढं पाहा:

1. यंत्र प्रमाणित कंपनीचंच घ्या. त्यातून करंट सलग येत नाही, साधारण सेकंदाला एक झटका येतो आणि तोही अगदी क्षणभर. त्याने जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. घरगुती लाइट सलग असते, म्हणून ती धरून ठेवते आणि जीव घेते.
2. डुकरासाठी पहिली तार जमिनीपासून वीतभर, दुसरी हातभर. उंच तारेखालून डुक्कर आरामात जातं.
3. तारेखालचं गवत काढत राहा. गवत लागलं की झटका जमिनीत जातो. अर्थिंग ओल्या जागी, खोल.
4. पायवाटेला पाट्या लावा आणि सालदाराच्या पोरांना हात धरून तार दाखवा.
5. जंगलालगतच्या गावांना जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळतं. आपलं गाव बसतं का ते वनरक्षकाला विचारा.
6. नुकसान झालं तर तीन दिवसांच्या आत कळवा, फोटो काढा, पंचनामा होईपर्यंत मोडलेला मका उचलू नका.

कृषी सहायक भाऊ आणि ताईंना एक विनंती. लष्करी अळी पाहायला मक्यात जाता, तेव्हा बांधावरच्या तारेवरही नजर टाका. दिसली तर नाव न घेता गावाच्या बैठकीत विषय काढा. आमचं सांगणं भांडण वाटतं, तुमचं सल्ला वाटतो.

आणि शिबिराला जायचं असेल तर जरूर जा. परवाना काढायचा नसला तरी जा. जवळचा आणि लांबचा दोन्ही चष्मे न्या, कोपराला बांधायला जाड कापड न्या, आदल्या रात्री जागल करू नका, हात थरथरतो. पोरीबाळींना तर नक्की पाठवा.

धुळे-जळगावकडे कुणी मक्याला किंवा केळीला सौर कुंपण दोन हंगाम वापरलं असेल तर बॅटरी किती टिकली आणि काळ्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंग कसं धरलं, तेवढं कळवा. आमचं यंत्र पेरणीच्या आधी घ्यायचं आहे.