आटे पाडायचे की लाटायचे?

मेकॅनिकलची डिग्री घेऊन आयटीत शिरलेल्यांची आपल्याकडे काही कमी नाही. मी त्यातलाच एक. त्यात गाव एकलहरे, म्हणजे नाशिकरोडजवळचं औष्णिक वीज केंद्र. बाबा तिथे टर्बाइन मेंटेनन्सला होते. त्यामुळे "संच ओव्हरहॉलला घेतलाय" हे वाक्य आमच्या घरात "आज भाजी कुठली?" इतक्याच सहजपणे कानावर पडायचं.

सध्या चुलतभाऊ मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. हातात दोन ऑफर्स: एक पुण्याची, आयटीतली, दुसरी अंबडच्या एका छोट्या फोर्जिंग युनिटमधली. पगारात जवळपास दुपटीचा फरक. घरच्यांचं मत काय असणार ते सांगायला नकोच. त्याचा प्रश्न मात्र वेगळा होता. "दादा, धातूच्या कामात आता डोकं लावण्यासारखं काय उरलंय? सीएनसीला ड्रॉइंग दिलं की पार्ट बाहेर!"

आता याला काय सांगावं?

एकलहऱ्याच्या २१० मेगावॅटच्या संचाचंच बघा. टर्बाइनमध्ये वाफ शिरते ती सुमारे ५३५ अंशांना, आणि रोटर फिरतो मिनिटाला ३००० वेळा. गणित करून पाहिलं तर मध्यापासून एक मीटरवर बसवलेल्या एक किलोच्या तुकड्याला बाहेरची ओढ बसते साधारण १० टनांची! म्हणून रोटर ओतत नाहीत, तो फोर्जिंगचा असतो. पोलादाचा अवाढव्य ठोकळा लालबुंद तापवून प्रेसखाली दाबत दाबत आणायचा. आतल्या बारीक पोकळ्या दाबल्या जातात, आणि मग लेथवर शेवटचं माप. पण त्याच टर्बाइनचं केसिंग? ते बहुतेक ओतीव. ते फिरत नाही, आणि इतका वाकडातिकडा पोकळ आकार ठोकून कोण काढणार? बॉयलरच्या नळ्या आणखी तिसऱ्याच पद्धतीच्या. म्हणजे यंत्र एकच, पण प्रत्येक भाग कसा घडवायचा याला वेगळं कारण आहे.

एवढं मोठं नको असेल तर साधा बोल्ट घ्या. आटे दोन प्रकारे करता येतात. लेथवर टूल लावून कापायचे, किंवा दोन डायमध्ये गोल सळई दाबून, फिरवून लाटायचे. (हो, पोळीसारखेच.) कापताना चिप्स उडतात, लाटताना काहीच वाया जात नाही, दरीतला धातू सरकून वर येतो आणि त्याचाच डोंगर होतो.

गंमत पुढे आहे. लाकडाला जशा रेषा असतात तशा सळईतही असतात, ती ओढताना तयार झालेल्या. कापलं की त्या तुटतात. लाटलं की त्या आट्याच्या वळणाबरोबर वळतात, शिवाय तळाशी पृष्ठभाग दाबून घट्ट होतो. बोल्टला तडा जायला बहुतेक वेळा तिथूनच सुरुवात होते. त्यामुळे सतत हादरे खाणाऱ्या जागी लाटलेला बोल्ट जास्त टिकतो. ड्रॉइंगवर माप तेच, गेजमध्ये दोन्ही पास!

मग सगळेच का लाटत नाहीत? डायचा खर्च आहे म्हणून. एखादाच मोठा स्टड हवा असेल तर लेथच बरा.

हे काही कारखान्यांनीच शोधलंय असंही नाही. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी प्रसिद्ध आहेत. तांबट हातोडीने ठोकत जातो तसं तांबं कडक होत जातं. आणखी ठोकलं तर चिरेल, म्हणून मध्येच भट्टीत तापवून मऊ करायचं आणि पुन्हा ठोकायचं. शेवटचे ठोके मात्र तसेच ठेवायचे. हंड्यावरचे ते खळगे आपल्याला नक्षी वाटतात, पण पातळ पत्रा ताठ राहतो तो त्यांच्याच जोरावर. नुसता आकार मोजला तर यातलं काहीच कळणार नाही.

असो. चुलतभावाला मी एवढंच म्हटलं की पगार बघून पुण्याला आलास तर त्यात गैर काही नाही, मीही तेच केलं. घरचे हप्ते ग्रेन फ्लोने फिटत नाहीत. पण "डोकं लागत नाही" या कारणासाठी अंबड सोडू नकोस. ड्रॉइंगमध्ये आकार लिहिलेला असतो. तो तिथपर्यंत कुठल्या वाटेने आणायचा हे ठरवणारं माणूस लागतं. आणि ती वाट धातू विसरत नाही.

त्याने अजून ठरवलेलं नाही. तोवर तुम्ही एक करा. घरातला एखादा बोल्ट हातात घ्या. आटे नसलेला गुळगुळीत भाग आट्यांपेक्षा किंचित बारीक दिसला, तर बरेचदा समजावं की आटे लाटलेले आहेत.