चढणीवरचा वारसा

वडिलोपार्जित जमीन म्हटली की वाटण्या आल्या, भाऊबंदकी आली आणि कोर्टकचेऱ्याही आल्या. फ्रान्समध्येही फारसे वेगळे नाही. १८०४ च्या नेपोलियनच्या कायद्याने सर्व मुलांना वारशात समान वाटा दिला आणि पिढ्यागणिक द्राक्षमळ्यांचे तुकडे पडत गेले. पण ऱ्होन नदीच्या काठी, व्हालान्स शहरासमोर वसलेल्या कोर्नास या छोट्याशा गावात एक वेळ अशी आली, की वाटा मागायलाच कोणी पुढे येईना.

कारण तिथली शेती म्हणजे हाडाची काडे करणारी. डोंगराचा उभा उतार, खाली ग्रॅनाइटचा खडक आणि त्यावर दगडी बांध घालून केलेल्या अरुंद पायऱ्या. बऱ्याच ठिकाणी ट्रॅक्टर चढत नाही. प्रत्येक वेलीला खुंटाचा आधार द्यायचा, छाटणी आणि तोडणी हातानेच करायची. पावसाने माती वाहून गेली, की ती पुन्हा वर नेऊन टाकायची.

या मेहनतीतून तयार होते ती गडद रंगाची, भरदार लाल वाइन. १९३८ साली कोर्नासला नामांकन मिळाले. या नावाने विकायची वाइन फक्त सिराह जातीच्या द्राक्षांचीच असावी लागते. आपल्याकडे नाशिकच्या मळ्यांत हेच द्राक्ष शिराज म्हणून ओळखले जाते. नव्या कोर्नासचा घोट घेतला, तर जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडते तसे होते. हा तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो. जुन्या वळणाची घराणी घडाचे देठही काढत नाहीत, त्यामुळे तो आणखी वाढतो. म्हणून बाटली आठ-दहा वर्षे ठेवायची. मग तुरटपणा मवाळ होतो आणि काळ्या मिऱ्यांसारखा वास जाणवू लागतो. हा केवळ कल्पनेचा खेळ नव्हे. मिऱ्यांना वास देणारे रोटंडोन हेच द्रव्य सिराहच्या द्राक्षातही असल्याचे २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले.

पण दहा वर्षे थांबायला घरात दाणापाणी हवे ना! दुसऱ्या महायुद्धानंतर व्यापारी पिंपाच्या हिशेबाने वाइन उचलत आणि आपल्या नावाने विकत. उत्पादकाच्या हाती थोडेच उरे. त्यापेक्षा शहरातली नोकरी बरी, असे तरुणांना वाटले तर त्यात नवल काय? उतार ओस पडले, बांध ढासळले, मळ्यांत झुडपे माजली.

अशा काळात ओग्युस्त क्लाप यांनी आपली वाइन स्वतःच बाटल्यांत भरून स्वतःच्या नावाने विकायला सुरुवात केली. हे १९५० च्या दशकातले धाडस. हळूहळू मेहनतीला मोल आले, नाव झाले. मुलगा पिएर-मारी हाताशी आला, पुढे नातू ओलिव्हिएही. २०१८ मध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, ओग्युस्त गेले, तेव्हा मळा रिकामा पडला नाही.

सगळ्यांच्याच नशिबी हे सुख नसते. गावातले दुसरे नामवंत उत्पादक नोएल व्हर्से २०१५ मध्ये वारले. त्यांनी जपलेल्या जुन्या वेली त्याआधीच गावातल्या इतर उत्पादकांकडे गेल्या होत्या. त्यांपैकी एक तिएरी आलमाँ. वाइन करणाऱ्या घरात न जन्मलेल्या या माणसाने १९८० च्या दशकात पडीक उतार साफ करून ढासळलेले बांध पुन्हा रचले होते. त्या वेलींना रक्ताचा वारस मिळाला नाही, तरी घाम गाळणारा वारस मिळाला.

मद्य चांगले की वाईट, हा वाद बाजूला ठेवू. आईवडिलांना या गावाकडून घेण्यासारखे आहे ते निराळेच. ‘एवढे कमावून ठेवले, पोरांना कदर नाही,’ अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. पण ज्या कामात पैसा नाही आणि मान नाही, त्यात मुलांनी तरी का राहावे? ओग्युस्त यांनी मुलाच्या हाती नुसता उतार दिला नाही. त्या उतारावर माणसाला ताठ मानेने जगता येते, हे आधी स्वतः करून दाखवले. मग मुलगा राहिला, नातूही राहिला.