पहिली केबिन कुणाची?

"पर्यटकांसाठी पुढची केबिन आहे. ही स्की करणाऱ्यांची." हे वाक्य मला ज्यांनी ऐकवलं ते गृहस्थ सत्तरीचे असतील. स्वेटरवर कुठल्याशा जुन्या क्लबचा बिल्ला, स्वच्छ इंग्रजी, आवाजात राग अजिबात नाही. काही हिवाळे उलटले, पण वाक्य माझ्या मनातून जात नाही.

जागा म्युरेन. बर्नच्या दक्षिणेला, लाउटरब्रुनेनच्या दरीवरच्या कड्यावर, १६०० मीटरहून उंच वसलेलं गाव. मोटारी वर येत नाहीत. समोर आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ. मी मूळची सांगलीची, नोकरीसाठी बर्नला आले आणि तिशीत स्की शिकले. एवढी ओळख पुरे.

गावातून बिर्गला जाणाऱ्या रोपवेच्या रांगेत आम्ही उभ्या होतो. मी आणि ऑफिसातली माझी स्विस मैत्रीण. माझ्या डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर स्की, पायांत स्कीचे बूट. ते बूट घालून साधं चालता येत नाही, आधी टाच आणि मग खाडकन पाऊल पडतं, म्हणजे आवाजावरूनही माणूस कशाला आला आहे ते कळतं. हे सगळं त्यांना दिसत होतं, तरी त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून मला पर्यटक ठरवलं. माझी मैत्रीण माझ्या एक पाऊल पुढे होती. ती माझ्यापेक्षा कच्ची, तीव्र उतारावर हमखास थांबते. तिला कुणी काही विचारलं नाही.

ते रागावून बोलले असते तर मला भांडता आलं असतं. त्यांनी मदत केल्यासारखं सांगितलं, हेच जास्त लागलं. मी स्की किंचित वर उचलून दाखवल्या. ते "अच्छा" अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटले आणि दुसरीकडे बघू लागले. माफी नाही. रांगेतल्या बाकीच्यांनी ऐकलं होतं. कुणी फोन काढला, कुणी हातमोजे नीट केले. मैत्रीण नंतर म्हणाली, "त्यांच्या मनात तसं काही नसणार." असेल किंवा नसेल, पण माझ्या मनात काय झालं ते तिनं विचारलं नाही. मला तर त्या गृहस्थांपेक्षा गप्प राहिलेल्या रांगेचा राग जास्त आहे.

केबिनमध्ये तेच गृहस्थ शेजाऱ्याला सांगत होते की हे गाव आमच्या लोकांनी स्कीच्या नकाशावर आणलं, आता वर जाणारी निम्मी माणसं फोटो काढायला येतात. पहिल्या भागात पुष्कळ तथ्य आहे. त्या रात्री घरी येऊन मी हट्टानं वाचत बसले. हेन्री लन यांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात इंग्रज पाहुण्यांना इथे आणलं. त्यांचा मुलगा अर्नॉल्ड यानं जानेवारी १९२२ मध्ये याच गावात आजच्या पद्धतीच्या स्लालमची पहिली शर्यत घेतली. झेंड्यांमधून कोण डौलात वळतो ते बघायचं नाही, कोण लवकर खाली पोहोचतो तेवढंच मोजायचं, हा नियम त्याचा. १९३१ साली डाउनहिल आणि स्लालमची पहिली जागतिक स्पर्धा इथेच झाली. तरुणपणी वेल्समधल्या एका डोंगरावरून पडून अर्नॉल्डचा एक पाय कायमचा आखूड झाला होता, तरी तो स्की करत राहिला.

आणि हा अर्नॉल्ड लन जन्मला कुठे? मद्रासला, १८८८ साली. वडील तिथे मिशनरी होते. १९२४ मध्ये त्यानं म्युरेनला कंदाहार स्की क्लब काढला. ते नाव आलं फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या पदवीवरून. स्कीच्या एका जुन्या शर्यतीसाठी १९११ साली चषक त्यांनी दिला होता. त्यांचा जन्म कानपूरचा. १८८० साली काबूलहून कंदाहारवर चालून गेलेल्या त्यांच्या सैन्यात शीख आणि गुरखा पलटणी होत्या, आणि ज्या वेढ्यातून त्यांनी कंदाहार सोडवलं त्यात मुंबई इलाख्याचे शिपाई अडकलेले होते. आज आल्प्समधल्या कितीतरी उतारांना आणि शर्यतींना कंदाहार म्हणतात. माझ्यासारख्या चेहऱ्याची माणसं त्या नावात सुरुवातीपासून आहेत. ते गृहस्थ पुन्हा भेटले असते तर मी हे त्यांना शांतपणे सांगितलं असतं.

म्युरेनबद्दल स्की करणाऱ्यांची मतं मात्र ऐकण्यासारखी असतात. वरच्या उपाहारगृहात सूपची वाटी घेऊन बसलं की ती आपोआप कानावर येतात. बर्नचे तरुण म्हणतात, उतार थोडे, दुसऱ्या दिवशी सगळे करून संपतात. वारा सुटला की वरचा रोपवे बंद, मग खालच्या उतारांवर गर्दी. नवशिके कुरकुरतात की मधल्या दर्जाचं काही सलग मिळत नाही. आणि मग तिसऱ्या पिढीचे पाहुणे असतात. आजोबा ज्या हॉटेलात उतरत तिथेच ते उतरतात आणि संध्याकाळी स्की करत दारापर्यंत येतात. त्यांना गावात काही बदललेलं चालत नाही.

उतार थोडे ही तक्रार मला पटत नाही. गावाच्या वरच्या शिल्टहॉर्न शिखराच्या २९७० मीटर उंच माथ्यावरून निघालं की पहिलाच टप्पा पोटात गोळा आणतो. तिथून खाली इन्फर्नो शर्यतीचा मार्ग जातो. १९२८ साली पहिल्या शर्यतीला सतरा जण होते आणि माथ्यापर्यंत ते स्वतः चढून गेले होते. आता अठराशे पन्नास जणांना प्रवेश मिळतो. बर्फ पुरेसं असेल तर ती माणसं थेट दरीत लाउटरब्रुनेनपर्यंत उतरतात. एवढी उंची एका दमात उतरायला मिळणं हे किलोमीटर मोजून कळत नाही. नवशिक्यांची तक्रार मात्र खरी आहे. त्यांनी दरीपलीकडे वेंगेनच्या बाजूला शिकावं आणि इथे नंतर यावं.

पर्यटक नकोत म्हणणाऱ्यांनी तर जरा हिशेब करावा. माथ्यावर गोल फिरणारं उपाहारगृह आहे. ते अपुरं असताना जेम्स बाँडच्या चित्रपटवाल्यांनी पैसे घालून आतलं काम पुरं केलं आणि तिथे चित्रीकरण केलं. चित्रपट १९६९ चा. वर्षभर वर जाणारी फोटोवाली माणसं नसती तर केवळ हिवाळ्यातल्या स्कीवाल्यांच्या जिवावर एवढ्या उंचीवर रोपवे टिकला असता असं मला वाटत नाही. फोटो काढणाऱ्यांनी भरलेल्या तिकिटावर आपण काळे, म्हणजे सर्वांत अवघड, उतार उतरतो.

हे मी मनापासून म्हणते. तरी रांगेतल्या त्या प्रसंगाच्याच दिवशी दुपारी माथ्यावर पोहोचले तेव्हा उताराच्या तोंडाशीच एक घोळका उभा होता. जाड जॅकेट, पायांत साधे कॅनव्हासचे बूट, सेल्फी काढणं चाललेलं. माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच की यांना इथे सोडतात कशाला. मग कानावर मराठी पडलं. सहलीबरोबर आलेली कोल्हापूरची मंडळी होती. त्यातल्या एक काकू माझ्याजवळ आल्या.

"अगं, तू इथून खाली जाणार? एकटी?"

"हो काकू. तुम्ही जरा त्या कठड्याच्या आत उभ्या राहता का? इथून माणसं जोरात येतात."

"राहतो की. आम्हाला कुणी सांगितलंच नाही." त्यांनी सगळ्यांना मागे घेतलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "सावकाश जा गं."

मी त्यांना खालचं गाव पाहिलंत का विचारलं. नाही. बस दरीत थांबलेली, रोपवेनं थेट वर, तासाभरानं थेट खाली, संध्याकाळी दुसरं गाव. त्यांच्या वेळापत्रकात म्युरेन म्हणजे केबिन बदलायची जागा होती.

डिसेंबर २०२४ पासून दरीतून म्युरेनला येणारा नवा रोपवे सुरू झाला आहे. जगातला सर्वांत तीव्र चढाचा म्हणून त्याची ख्याती आहे, आणि माथ्यावर जाणं आता आणखी सोपं झालं आहे. म्हणून पुण्या-मुंबईच्या सहलवाल्यांना एक विनंती. येताना किंवा जाताना म्युरेनला एक तास मोकळा ठेवा. गाव चालत ओलांडायला तेवढा पुरतो, लाकडी घरं बघता येतात, आणि रेल्वे स्टेशनजवळ मद्रासला जन्मलेल्या अर्नॉल्ड लनच्या स्मरणार्थ एक दगड उभा आहे. तोही दाखवा. आणि वर उतार कुठे सुरू होतो, कुठे उभं राहायचं नाही, हे बसमध्येच सांगा. काकूंना ते एकदा सांगितल्यावर पुन्हा सांगावं लागलं नाही.