पास्पार्तूची बाजू

शाळकरी वयात ज्यूल व्हर्नची ऐंशी दिवसांतली पृथ्वीप्रदक्षिणा मी मराठीतून वाचली. मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याची मुलगी औदा, तिला बुंदेलखंडात सती देऊ पाहतात. पारशिणीला सती? हा प्रश्न तेव्हा मला पडलाच नाही, याची आज लाज वाटते.

जॉन इन्गोल्ड आणि जोसेफ हम्फ्री यांनी २०११ साली केंब्रिजमध्ये ‘इंकल’ ही छोटी कंपनी काढली. तिचा ‘एटी डेज’ हा व्हिडिओ गेम २०१४चा. मुख्यतः मेग जयंत यांनी लिहिलेली त्याची संहिता लाखो शब्दांची (गेमची, हो!) आहे. निवेदक फॉगचा नोकर पास्पार्तू. वाटेत भेटणाऱ्यांची स्वतःची यंत्रे आहेत, स्वतःचे राजकारण आहे. वाचवले जाण्याची वाट पाहत कुणी थांबलेले नाही.

या खेपेला मी मुंबईत मुक्काम केला. फॉगचा एक दिवस बुडाला.